विश्लेषण : नकाशावर दिसणारे माप खरे किती? कसब्यातल्या वाड्यांच्या पुनर्विकासात ‘डायमेन्शन स्टाईल’ का महत्त्वाची?

वाड्याचा पुनर्विकास ठरला की भाडेकरू, मालक, विकासक आणि महापालिका यांच्यामध्ये सर्वात आधी फिरतो तो नकाशा. त्यावरच्या प्रत्येक भिंतीशेजारी एक आकडा असतो. हा आकडा संगणकाने दिलेला म्हणजे अचूकच, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो आकडा कोणत्या एककात, किती दशांशांपर्यंत, कोणत्या दोन बिंदूंमधला आणि कसा दाखवायचा, हे नकाशा काढणारा ठरवतो. ही मोकळीक सोयीची आहे. पण एकेका फुटावरून बोलणी अडणाऱ्या कसबा पेठेसारख्या भागात ती नीट समजून घेणे गरजेचे आहे.

नेमका प्रश्न काय?

कसबा पेठ हा पुण्याचा सर्वात जुना भाग. ग्रामदैवत कसबा गणपती, लाल महाल, तांबट आळी, कुंभारवाडा यांच्या भोवतीच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून वाडे उभे आहेत. या मिळकती क्वचितच चौकोनी असतात. समोरची बाजू तिरकी, मागची अरुंद, मधली भिंत शेजाऱ्याशी सामाईक, असा प्रकार सर्रास आढळतो.

या जागांची मापे एका भाषेत कधीच नव्हती. वाड्याचा आकार एके काळी खणांत सांगितला जाई. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. इंग्रजी अमलात फूट, इंच आणि वार आले. भारताने १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि १९५८पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. आज बांधकामाचे नियम मीटरमध्ये आहेत. डिसेंबर २०२०मध्ये लागू झालेली राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, मीटरमध्येच बोलते. घरात मात्र अजूनही ‘दहा बाय बाराची खोली’ असते आणि सदनिकेचा भाव चौरस फुटालाच सांगितला जातो.

या दोन भाषांमधला दुभाषी म्हणजे कॅड, अर्थात संगणकावर नकाशा काढण्याचे सॉफ्टवेअर. १९८२मध्ये बाजारात आलेले ऑटोकॅड त्यातले सर्वात परिचित. दुभाष्याने काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे त्याच्या ‘डायमेन्शन स्टाईल’ या मांडणीत ठरते.

डायमेन्शन स्टाईल म्हणजे काय?

कॅडमध्ये रेष काढली की तिची लांबी फाइलमध्ये अनेक दशांशांपर्यंत साठवली जाते. तिला माप दिले, की सॉफ्टवेअर रेषेच्या दोन टोकांमधले अंतर मोजते आणि आकडा दाखवते. अंतर मोजणे हे सॉफ्टवेअरचे काम. ते कसे दिसावे, हे माणसाने आधी ठरवून ठेवलेले असते.

अक्षरांची उंची, टोकाला बाण हवा की वास्तुविशारद वापरतात तशी तिरपी रेघ, आकडा रेषेवर की मध्ये, एकक कोणते, दशांश किती, शेवटचे शून्य दाखवायचे की नाही, आकडा किती जवळच्या पटीत आणायचा, शेजारी दुसऱ्या एककातले माप द्यायचे का, अशा अनेक बाबी एका नावाखाली जपता येतात. ती डायमेन्शन स्टाईल. एकदा स्टाईल बदलली की त्या नावाने दिलेली सगळी मापे एकदम बदलतात. शेकडो मापे असलेल्या नकाशात हा मोठा दिलासा असतो.

अडचण आयत्या मांडणीतून सुरू होते. ऑटोकॅडच्या मेट्रिक साच्यात ‘आयएसओ-२५’ ही स्टाईल आधीच असते. ती युरोपीय प्रथेनुसार दशांश बिंदूऐवजी स्वल्पविराम देते आणि शेवटची शून्ये गाळते. त्यामुळे साडेतीन मीटरची भिंत ‘३,५’ अशी दिसते. आपल्याकडे स्वल्पविराम हजार-लाखासाठी वापरतात, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. तिच्यातली अक्षरे २.५ एकके उंच असतात. नकाशा मीटरमध्ये काढला असेल तर अक्षर अडीच मीटर उंच होते, म्हणजे खोलीएवढे! १:१०० प्रमाणाच्या कागदावर अक्षर २.५ मिलिमीटरचे उमटायचे, तर मीटरमधल्या नकाशासाठी स्टाईलचे प्रमाण ०.१ आणि मिलिमीटरमधल्या नकाशासाठी १०० ठेवावे लागते. २००८च्या आवृत्तीपासून अक्षरांचा आकार प्रमाणानुसार आपोआप जुळवण्याचीही सोय आहे.

दशांश कमी केले तर काय बिघडते?

नकाशा सुटसुटीत दिसावा म्हणून एकच दशांश ठेवण्याचा मोह होतो. समजा, एका खोलीचे खरे माप ३.१४ बाय २.९४ मीटर आहे. क्षेत्र झाले ९.२३ चौरस मीटर. एका दशांशात तीच खोली ३.१ बाय २.९ दिसते आणि गुणाकार ८.९९ येतो. फरक ०.२४ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे २.६ चौरस फुटांचा. दर चौरस फुटाला १०,००० रुपये धरला तर एका खोलीमागे २६,००० रुपये झाले. भिंत जागेवरून हललेली नाही. बदलला तो फक्त दाखवलेला आकडा.

ओळीने दिलेल्या मापांत हा फरक साचत जातो. ३.०४ मीटरच्या पाच खोल्या एका रांगेत असतील तर एकूण लांबी १५.२० मीटर. प्रत्येक माप ३.० दिसले तर बेरीज १५.० होते. हे २० सेंटीमीटर कुठे गेले, याचे उत्तर नकाशात सापडत नाही. अरुंद गल्लीतल्या बांधकामात सामासिक अंतर नियमात बसते की नाही, हे एवढ्या फरकावरही ठरू शकते.

कसब्यात याला आणखी एक पदर आहे. शेजारचा शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१०मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्रात येतात. पहिल्या पट्ट्यात नव्या बांधकामाला बंदी आहे, दुसऱ्यात परवानगी घेऊन बांधता येते. शून्य दशांशांवर ठेवलेल्या स्टाईलमध्ये ९९.६ मीटर अंतर ‘१००’ असे दिसते. कायद्यासाठी मात्र ते ९९.६च असते. घर कोणत्या बाजूला पडते हे ज्या आकड्यावर ठरते, तो असा गोल करून चालत नाही.

याचा अर्थ जितके दशांश जास्त तितके चांगले, असाही नाही. मातीच्या, फुगलेल्या, ओळंब्यात नसलेल्या भिंतीचे माप ३.०४७६ असे लिहिणे हा अचूकतेचा आभास आहे. त्याच भिंतीचे माप हातभर वर घेतले तर वेगळे येईल. जागेवर सेंटीमीटरपर्यंत मोजले असेल तर नकाशात दोन दशांश पुरेत, आणि ते दोन्ही दिसायला हवेत. ‘३.५’ आणि ‘३.५०’ यांचे मूल्य एकच. पण दुसरा आकडा सेंटीमीटरपर्यंत मोजल्याची ग्वाही देतो. म्हणून शेवटची शून्ये गाळण्याचा पर्याय बंद ठेवणे योग्य.

फूट आणि मीटर एकाच वेळी दाखवता येतात का?

येतात. डायमेन्शन स्टाईलमधल्या ‘अल्टरनेट युनिट्स’ या पर्यायाने मुख्य माप मीटरमध्ये आणि शेजारी कंसात फूट-इंचांत दिसते. त्यासाठी गुणक अचूक द्यावा लागतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. मीटरमधल्या नकाशातून फूट-इंच हवे असतील तर गुणक ३९.३७०१, कारण ही पद्धत आकड्याला इंच समजून त्याचे फूट करते. नुसते दशांश फूट हवे असतील तर ३.२८०८. ऑटोकॅडच्या मेट्रिक साच्यातला आयता गुणक ०.०३९४च्या आसपास असतो. तो मिलिमीटरचे इंच करण्यासाठी आहे. मीटरमधल्या नकाशात तो तसाच राहिला तर कंसातला आकडा हजारपट चुकतो.

गुणक न देता थेट मुख्य एककच ‘आर्किटेक्चरल’ केले तर चूक आणखी विचित्र दिसते. ३.२ मीटरची भिंत ३ ३/१६ इंचांची होते. अशी चूक निदान लगेच लक्षात येते. लक्षात न येणारी चूक दशांश फुटांची असते.

साडेदहा फूट म्हणजे १० फूट ६ इंच. बोलण्यात ते ‘दहा सहा’ होते आणि कागदावर अनेकदा ‘१०.६’. पण १०.६ फूट म्हणजे १० फूट ७.२ इंच. १०.५ बाय १२.५ फुटांची खोली १३१.२५ चौरस फुटांची, तीच १०.६ बाय १२.६ अशी गुणली तर १३३.५६ चौरस फूट भरते. १२ फूट ११ इंचांना ‘१२.११’ लिहिले की उलट होते आणि जवळजवळ १० इंच गायब होतात. १० फूट १० इंच ‘१०.१०’ असे लिहिले आणि शेवटचे शून्य गळाले तर उरतात १० फूट १ इंच. म्हणून फूट-इंच नेहमी १०'-६" याच पद्धतीने दाखवावेत आणि तेही सॉफ्टवेअरकडून मोजून घ्यावेत.

एककांच्या गोंधळाची किंमत अवकाश संशोधनालाही चुकली नाही. १९९९मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झाले. एका प्रणालीने आकडे इंग्रजी एककात दिले होते, दुसरीने ते मेट्रिक समजून वापरले. गणित दोन्हीकडे बरोबर होते. आकड्यामागचे एकक तेवढे वेगळे होते.

तिरक्या भिंतीचे माप कोणते धरायचे?

कॅडमध्ये सरळ अंतराचे माप दोन प्रकारे देता येते. ‘लिनियर’ माप दोन बिंदूंमधले आडवे किंवा उभे अंतर दाखवते. ‘अलाइन्ड’ माप भिंतीच्या बाजूने जाते. रस्त्याकडची बाजू आडवी ६ मीटर असून टोकाला १ मीटर मागे सरकत असेल, तर लिनियर माप ६.०० दाखवते आणि भिंतीची खरी लांबी ६.०८ मीटर असते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. हद्दीच्या मापासाठी अलाइन्डच हवे.

तसाच प्रश्न माप कुठून सुरू झाले याचा. सामाईक भिंत ६० सेंटीमीटर जाड असेल तर तिच्या मध्यापासूनचे माप आणि आतल्या पृष्ठभागापासूनचे माप यांत ३० सेंटीमीटरचा फरक पडतो. नव्या खोलीत विटेपासून विटेपर्यंत मोजले की गिलाव्यापासून, यावरही दोन-तीन सेंटीमीटर इकडचे तिकडे होतात. एका ओळीची टीप हा वाद टाळू शकते.

आकडा हाताने बदलता येतो का?

येतो, आणि सर्वात काळजीची बाब हीच आहे. मोजलेल्या आकड्याच्या जागी हवा तो मजकूर टाइप करता येतो. याला ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ म्हणतात. मूळ आकडा ठेवून त्यापुढे ‘किमान’ किंवा ‘जागेवर तपासावे’ असे शब्द जोडण्यासाठी ही सोय उपयुक्त आहे. त्यासाठी < > ही खूण वापरतात आणि तिच्या जागी मोजलेले माप आपोआप येते.

पण खूण पुसून थेट ‘३.६०’ लिहिले तर त्या आकड्याचे रेषेशी नाते तुटते. नंतर भिंत १५ सेंटीमीटर आत सरकवली तरी आकडा ३.६०च राहतो. हे दर वेळी लबाडीनेच होते असे नाही. रात्री उशिरा बदल आला, नकाशा पुन्हा काढायला वेळ नव्हता, म्हणून आकडा तेवढा बदलला, असेही घडते. परिणाम मात्र सारखाच. मापांवरचा गुणक बदलणे हा दुसरा प्रकार. दुसऱ्या कामाच्या फाइलमधून उचललेली स्टाईल तिचा जुना गुणक सोबत घेऊन येते आणि मापे चुपचाप बदलतात.

फाइल हाती असेल तर हे पकडणे सोपे आहे. ऑटोकॅडच्या ‘क्विक सिलेक्ट’मध्ये ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ रिकामा नसलेली मापे निवडली की हाताने बदललेले सगळे आकडे एका झटक्यात समोर येतात. भाडेकरूच्या हाती मात्र फाइल नसते. त्याला मिळते ती पीडीएफ किंवा छायाप्रत, आणि तिच्यात मोजलेला आकडा व टाइप केलेला आकडा सारखेच दिसतात.

ऑनलाइन मंजुरीत हे पकडले जात नाही?

पुण्याच्याच सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीची ‘ऑटो डीसीआर’ ही प्रणाली महापालिकेने वापरात आणली. अशी प्रणाली कॅड फाइल घेते, ठरवून दिलेल्या थरांवरच्या रेषा आणि बंद आकृत्या वाचते आणि नियमांशी ताडून पाहते. ही छाननी प्रामुख्याने भूमितीवर, म्हणजे काढलेल्या रेषेवर चालते.

इथेच एक फट राहते. यंत्र रेष वाचते, माणूस आकडा वाचतो. दोन्ही जुळत असतील तोवर प्रश्न नाही. जुळत नसतील तर मंजुरी एका मापाला मिळते आणि घरातल्या माणसांचा विश्वास दुसऱ्या मापावर बसतो. रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली. महाराष्ट्रातल्या आदर्श करारनाम्यात प्रत्यक्ष क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंतच फरकाची मुभा असून त्यानुसार पैशांचा हिशेबही करायचा असतो. हे संरक्षण खरे आहे. पण ते तपासायचे तर हातातल्या नकाशावरचे आकडे आधी विश्वासार्ह हवेत.

मोबाइलवर आलेला नकाशा कसा वाचावा?

नकाशा आता बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. कोपऱ्यात ‘प्रमाण १:१००’ लिहिलेले असले तरी पडद्यावर किंवा छोट्या कागदावर छापल्यावर त्या प्रमाणाला अर्थ राहत नाही. त्यामुळे पट्टीने मोजू नये. लिहिलेले माप पाहावे. ते पाहताना पाच गोष्टी तपासाव्यात.

• मापे कोणत्या एककात आहेत, हे नकाशावर लिहिले आहे का?
• सगळीकडे दशांश सारखे आहेत का? बाकी मापे ‘३.१४’सारखी आणि एखादेच ‘३’ किंवा ‘३.६’ असेल तर विचारावे.
• ओळीतल्या मापांत भिंतींची जाडी मिळवून बेरीज एकूण मापाशी जुळते का?
• फूट-इंचांत टिंब आहे की १०'-६" अशी खूण?
• खोलीच्या मापांचा गुणाकार करून त्याला १०.७६४ने गुणल्यावर चौरस फुटांचा आकडा तक्त्यातल्या क्षेत्राच्या जवळ येतो का? खोली तिरकी असेल तर थोडा फरक पडेल. पण तो का पडला, हे नकाशा काढणाऱ्याला सांगता यायला हवे.

उपाय काय?

यासाठी नवा कायदा नको. इमारतींच्या नकाशांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ९६२ आणि मापे देण्याच्या सर्वसाधारण तत्त्वांसाठी आयएस ११६६९ ही मानके आहेत. अभियांत्रिकी, वास्तुकला आणि आयटीआयच्या ड्राफ्ट्समन अभ्यासक्रमांत मापे देण्याचे नियम शिकवले जातात. उणीव आहे ती कार्यालयाबाहेर जाणाऱ्या प्रतीसाठी एका सामायिक शिस्तीची.

महापालिकेने मंजुरीच्या नकाशासाठी एक तयार डायमेन्शन स्टाईल सर्वांना डाउनलोड करता येईल अशी द्यावी : मीटर, दोन दशांश, शून्ये कायम, दशांश बिंदू, हद्दीला अलाइन्ड माप. फाइल स्वीकारताना हाताने बदललेल्या मापांची यादी आपोआप निघावी आणि प्रत्येकाचे कारण मागितले जावे. जे काम ड्राफ्ट्समन काही सेकंदांत करू शकतो, ते छाननी प्रणालीला अवघड नाही.

वास्तुविशारदांनी भाडेकरूंना द्यायच्या प्रतीत अल्टरनेट युनिट्स सुरू ठेवावीत. कायद्याचे माप मीटरचे, समजुतीचे माप फुटांचे; दोन्ही एकाच रेषेतून निघालेले. मापे कुठून कुठपर्यंत घेतली, याची एक ओळ कोपऱ्यात असावी. भाडेकरूंच्या संघटनांनीही बैठकीत उंची आणि दर्शनी भागाच्या रंगीत चित्रांआधी हा कागद मागावा.

अक्षर किती मोठे, बाण कसा, रंग कोणता, हे नकाशा काढणाऱ्याच्या आवडीवर सोडायला हरकत नाही. एकक, दशांश आणि आकडा या तीन गोष्टी मात्र आवडीच्या नाहीत. चाळीस वर्षे दहा बाय बाराच्या खोलीत राहिलेल्या कुटुंबाला नवे घर केवढे मिळणार, हे त्या आकड्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही. तो आकडा मोजलेलाच असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.